रक्तातला चाळीसचा आकडा

१९५२ च्या जुलैअखेरीस कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ सुरू झाली. शहरातल्या संसर्गजन्य रोगांच्या ब्लेगडॅम रुग्णालयात साथ भरात असताना दिवसाला पन्नासच्या आसपास रुग्ण येऊ लागले. त्यांतल्या अनेकांचे हातपाय लुळे पडलेले असत. पण रोज काहीजण असेही येत, की ज्यांना गिळता येत नसे, खोकता येत नसे आणि ज्यांच्या छातीचे स्नायू तासातासाने थकत चाललेले असत. डिसेंबरपर्यंत २,७२२ रुग्ण दाखल झाले. त्यांतल्या तीनशेहून अधिक जणांना श्वासासाठी बाहेरचा आधार लागला. त्यासाठी रुग्णालयाजवळ काय होतं? एक लोखंडी फुफ्फुस आणि छातीवर कवचासारखी बसवायची सहा उपकरणं.

लोखंडी फुफ्फुस म्हणजे माणूस मावेल एवढी धातूची टाकी. बोस्टनमध्ये फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी १९२८ मध्ये ती वापरात आणली. रुग्णाचं डोकं बाहेर, बाकी सगळं शरीर आत. टाकीतला दाब कमी केला की छाती फुगे आणि हवा आपोआप नाकातोंडातून आत ओढली जाई. ज्याचा घसा शाबूत आहे, फक्त छाती थांबली आहे, अशा रुग्णाला ती तारून नेई. पण ज्याचा घसाच निकामी झाला आहे, त्याच्या बाबतीत हवेबरोबर लाळ आणि कफही फुफ्फुसात ओढला जाई. कोपनहेगनच्या साथीत अशाच रुग्णांची संख्या मोठी होती. पहिल्या तीन आठवड्यांत या उपकरणांवर ठेवलेल्या ३१ जणांपैकी २७ दगावले.

रुग्णालयाचे प्रमुख प्राध्यापक हेन्री लासेन हे संसर्गजन्य रोगांतलं मोठं नाव. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मृत्यूंचा जो अर्थ लावला, तो तेव्हाच्या ज्ञानाला धरूनच होता. रुग्णाला दरदरून घाम येतो, रक्तदाब चढतो, त्वचा चिकट होते, मग गुंगी येते आणि शेवटी शुद्ध जाते. विषाणू मेंदूच्या मुळापर्यंत पोचला असणार, असं त्यांनी मानलं. आणि मेंदूच गेला तर डॉक्टर काय करणार? एक गोष्ट मात्र कोड्यात टाकणारी होती. प्रयोगशाळेतून येणाऱ्या अहवालांत रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड फार वाढलेला दिसे. त्याचं निदान झालं ‘अल्कलोसिस’, म्हणजे रक्त अल्कधर्मी होणं. कारण मात्र कोणालाच सांगता येईना.

हे कोडं समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढची सगळी कथा त्यातूनच सुरू होते. रक्तातला बहुतेक कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपात नसतो, तो बायकार्बोनेटच्या रूपात असतो. त्यामुळे एकूण आकडा दोन अगदी उलट कारणांनी वाढू शकतो. शरीरात अल्क साचलं तरी वाढतो, आणि फुफ्फुसांतून वायू बाहेर पडेनासा झाला तरी वाढतो. पहिल्या प्रकारात रक्त अल्कधर्मी होतं, दुसऱ्यात आम्ल. नुसत्या बेरजेवरून यांतलं कुठलं हे कळत नाही. त्यासाठी रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप, मोजावा लागतो. आणि तो ब्लेगडॅममध्ये मोजला जात नव्हता.

याला काय म्हणावं! पीएच ही कल्पनाच कोपनहेगनची. १९०९ मध्ये सोरेन सोरेनसेन यांनी ती मांडली, तीही कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. पीएच, बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड या तिघांचं नातं सांगणारं जे समीकरण आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पाठ करावं लागतं, त्याला आजचं रूप १९१६ मध्ये दिलं ते कार्ल हॅसेलबाल्ख यांनी, तेही याच शहरातले. कार्बन डायऑक्साइडमुळे रक्ताची ऑक्सिजन धरून ठेवण्याची ताकद कमी होते, हे ख्रिश्चन बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये इथेच दाखवलं होतं. जगात रक्तवायूंचं शास्त्र सगळ्यात पुढे असलेल्या गावात रक्तवायूंमुळे माणसं मरत होती, आणि ते शास्त्र रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचलेलं नव्हतं.

लासेन यांच्या हाताखाली मोगेन्स ब्यर्नेबो नावाचे डॉक्टर होते. त्यांना ब्योर्न इब्सेन हे भूलतज्ज्ञ आठवले. धनुर्वात झालेल्या एका तान्ह्या बाळाचे स्नायू क्युरारे देऊन सैल करायचे आणि मग हाताने पिशवी दाबून त्याला श्वास द्यायचा, असा उपचार इब्सेननी त्याच वर्षी केला होता, आणि तो ब्यर्नेबोंना माहीत होता. पण भूलतज्ज्ञाला रोगाच्या वॉर्डात बोलवायचं म्हणजे त्या काळी थोडं विचित्रच. भूलशास्त्र डेन्मार्कमध्ये नुकतंच स्वतंत्र शाखा म्हणून उभं राहत होतं. भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियागृहात सर्जनच्या सोयीने काम करावं आणि निघून जावं, अशी रीत होती. लासेन फारसे राजी नव्हते. तरीही २५ ऑगस्टला बैठक झाली.

इब्सेननी शवविच्छेदनं पाहिली, नोंदी वाचल्या. फुफ्फुसं इतकी खराब नव्हती की त्यांत हवा भरताच येऊ नये. घाम, चढलेला रक्तदाब, गुंगी हे सगळं त्यांना ओळखीचं होतं. भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास उथळ पडला आणि कार्बन डायऑक्साइड साचला की असंच दिसतं, हे त्यांनी शस्त्रक्रियागृहात वारंवार पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मेंदूला काही झालेलं नाही. ही माणसं श्वास पुरेसा होत नाही म्हणून मरत आहेत. मग ऑक्सिजन दिल्यावर ती गुलाबी का दिसतात? कारण ऑक्सिजन बाहेरून जास्त देऊन भागतं, कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. हवा आत-बाहेर खेळली तरच तो जातो. चुलीत सुकी लाकडं कितीही घाला, धुराडं बुजलेलं असेल तर घर धुरानेच भरणार.

२७ ऑगस्टला लासेननी त्यांना एक रुग्ण दिला. बारा वर्षांची मुलगी, चारही हातपाय लुळे, श्वासासाठी धडपडणारी, स्वतःच्याच कफात बुडत चाललेली. जागा बधिर करून तिच्या गळ्याला छेद दिला गेला आणि श्वासनलिकेत रबरी नळी बसवली. नळीभोवतीचा फुगा फुगवला की वरची लाळ खाली उतरत नसे. नळीला पिशवी जोडली. पुढे सगळं बिघडलं. मुलगी झगडू लागली, श्वासनलिका आवळल्या गेल्या, पिशवी दाबली तरी हवा आत जाईना. बघायला जमलेल्या डॉक्टरांपैकी काहींचा रस संपला. तेव्हा इब्सेननी तिला पेंटोथल हे भुलीचं औषध दिलं. तिचा उरलासुरला श्वासही थांबला, अंग सैल झालं, आणि आता पिशवी दाबली की छाती उचलू लागली.

कफ ओढून काढला. थोड्याच वेळात घाम थांबला, त्वचा कोरडी आणि उबदार झाली, रक्तदाब उतरला. इब्सेननी उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं उपकरण आणलेलं होतं, त्यावरही आकडा खाली येताना दिसला. माझ्या मते त्या दिवसाचं खरं शहाणपण यानंतरच्या पायरीत आहे. मुलगी सावरल्यावर तिला पुन्हा छातीवरच्या कवचाच्या उपकरणावर ठेवून पाहिलं. घाम परत आला, रक्तदाब चढला, कार्बन डायऑक्साइड वाढला. पुन्हा पिशवी, पुन्हा सगळं पूर्ववत. एकाच रुग्णावर, एकाच दिवशी, दोन्ही बाजू तपासल्या गेल्या. सांख्यिकीचा एकही तक्ता न मांडता प्रश्न मिटला. ती मुलगी वाचली.

प्रयोगशाळेचे प्रमुख पोल अॅस्ट्रुप यांनी रेडिओमीटर या स्थानिक कंपनीकडून पीएच मोजण्याचं यंत्र मागून आणलं. रक्त आम्ल निघालं. अल्कलोसिसचं निदान तिथेच संपलं.

आता अडचण वेगळी होती. पिशवी दाबायला माणूस लागतो आणि माणसाला झोप लागते. यंत्र नव्हतं. शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना हाक दिली गेली, मागोमाग दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही. महिनोन्महिने पाळ्या लागल्या. एकूण सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी मिळून सुमारे १,६५,००० तास पिशव्या दाबल्या. एका वेळी सत्तर रुग्ण त्यांच्या हातांवर श्वास घेत असल्याचेही दिवस आले. रुग्णांत लहान मुलं पुष्कळ होती. विद्यार्थी एका हाताने पिशवी दाबत, दुसऱ्या हातात पुस्तक धरून त्यांना गोष्टी वाचून दाखवत. ज्यांना बोलता येत नसे, ते डोळ्यांनी किंवा ओठांनी खूण करत, की हवा कमी पडते आहे, जोरात दाब. विशीतल्या मुलांवर ही जबाबदारी होती, आणि तिचा भार हलका नव्हता: पिशवीवर श्वास घेणारा रुग्ण काही वेळा त्यांच्या हातातच जाई. पण श्वास थांबलेल्यांतले नव्वद टक्क्यांच्या जवळपास मरत होते, ते प्रमाण साथीच्या अखेरीला पंचवीस टक्क्यांच्या आसपास आलं.

या पिशवीचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. ब्लेगडॅमची पिशवी फुगायला सिलिंडरमधला वायू लागे. दाबून सोडली की आपोआप फुगणारी, सिलिंडर नसतानाही चालणारी पिशवी १९५६ मध्ये होल्गर हेसे आणि भूलतज्ज्ञ हेनिंग रुबेन यांनी कोपनहेगनमध्येच तयार केली. तिचं नाव अंबू. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत व्हेंटिलेटर रिकामा नसला की ‘अंबू मारत राहा’ असं सांगून नातेवाइकाला खाटेशी बसवलं जातं, तेव्हा त्याच्या हातात असते ती हीच. फरक एवढा, की त्या विद्यार्थ्यांच्या मागे रक्त तपासणारी प्रयोगशाळा उभी होती.

डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेननी शहरातल्या कोमुनेहॉस्पिटलमध्ये, परिचारिका विद्यार्थिनींच्या वर्गखोलीत, श्वास आणि रक्ताभिसरण सांभाळावं लागणाऱ्या सगळ्या प्रकारच्या रुग्णांसाठी एक वॉर्ड उघडला. अतिदक्षता विभागाची सुरुवात सांगताना बहुतेक इतिहासकार याच खोलीकडे बोट दाखवतात. त्याच सुमारास स्टॉकहोमच्या कार्ल गुन्नर एंगस्ट्रॉम यांचं यंत्र विद्यार्थ्यांच्या हाताचं काम करू लागलं: टाकी नाही, गळ्यातल्या नळीतून थेट फुफ्फुसात हवा ढकलणारं.

यंत्र आलं, पण किती हवा ढकलायची हे कशावरून ठरवायचं? मोजमापावरून. अॅस्ट्रुप यांनी रक्ताचे काही थेंब घेऊन कार्बन डायऑक्साइड काढण्याची पद्धत बसवली. तिकडे अमेरिकेत ओहायोचे रिचर्ड स्टो हेही पोलिओच्याच रुग्णांपायी या प्रश्नाशी झुंजत होते. पीएच मोजणाऱ्या काचेच्या टोकावर त्यांनी पातळ रबराचा पडदा ओढला. वायू पडद्यातून आत जातो, रक्त जात नाही, आणि आतल्या पाण्याचा पीएच कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण सांगतो. १९५४ च्या एका परिषदेत हे ऐकून जॉन सेव्हरिंगहाउस यांनी आतल्या पाण्यात बायकार्बोनेट घालून यंत्राची चंचलता घालवली. काही वर्षांतच त्याच्या जोडीला लेलँड क्लार्क यांचा ऑक्सिजनचा इलेक्ट्रोड बसवला गेला आणि रक्तवायू तपासणीचं यंत्र तयार झालं. आज कुठल्याही आयसीयूत ‘एबीजी पाठवा’ असं म्हटलं जातं, त्यामागे हे यंत्र आहे.

आणि मग या आकड्याचं राज्य सुरू झालं. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याचे ३५ ते ४५ मिलिमीटर असतो, मध्य ४०. कोपनहेगनने शिकवलं होतं की तो चढला तर रुग्ण मरतो. म्हणून यंत्र असं लावायचं, की अहवालात चाळीस यावेत. पोलिओच्या रुग्णांत हे बरोबरच होतं, कारण त्यांची फुफ्फुसं चांगली होती, फक्त ती हलवणारे स्नायू बंद पडलेले होते. पुढच्या पिढीतले रुग्ण मात्र वेगळे. १९६७ मध्ये डेन्व्हरच्या अॅशबॉ आणि पेटी यांनी बारा रुग्णांचं वर्णन केलं. अपघात, संसर्ग अशी कारणं निरनिराळी, पण सगळ्यांचीच फुफ्फुसं पाण्याने भरून ताठर झालेली. याच आजाराला पुढे एआरडीएस म्हणू लागले, आणि कोविडच्या काळात हे चार अक्षरांचं नाव आपल्याकडेही घरोघरी पोचलं. अशा फुफ्फुसाचा हवा घेणारा भाग लहान मुलाच्या फुफ्फुसाएवढाच उरलेला असतो, हे मिलानच्या लुचानो गॅटिनोनी यांनी सीटी स्कॅनच्या आधारे दाखवलं, पण ते नंतर.

तोवर या उरलेल्या तुकड्यात पूर्ण फुफ्फुसाची हवा कोंबली जात होती. निसर्गतः माणूस एका श्वासात वजनाच्या दर किलोमागे सहा-सात मिलिलिटर हवा घेतो. यंत्रावर दहा ते पंधरा मिलिलिटर देणं ही सर्वसाधारण पद्धत होती. भूल दिलेल्या रुग्णांची फुफ्फुसं छोट्या श्वासांनी मिटत जातात, असं बोस्टनच्या बेंडिक्सन यांनी १९६३ मध्ये दाखवलं होतं, त्यामुळे मोठ्या श्वासाला शास्त्राचा आधारही मिळाला. १९७४ मध्ये वेब आणि टिअर्नी यांनी उंदरांच्या फुफ्फुसात जास्त दाबाने हवा भरली. तासाभरात ती पाण्याने भरली. हे वाचून खाटेपाशी फारसं काही बदललं नाही. चाळीसचा आकडा दिसत होता, फाटणारं फुफ्फुस दिसत नव्हतं.

बदलाची सुरुवात दम्याच्या रुग्णांपासून झाली. लोझानच्या दारिओली आणि पेरे यांनी १९८४ मध्ये लिहिलं, की तीव्र दम्याच्या रुग्णाला यंत्रावर घेतल्यावर त्यांनी कार्बन डायऑक्साइड उतरवण्याचा हट्टच सोडला. श्वास हळू आणि लहान, ऑक्सिजन पुरेसा, बाकी वाढेल ते वाढू द्या. २६ रुग्णांना ३४ वेळा यंत्रावर ठेवलं आणि एकही दगावला नाही. सहा वर्षांनी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या कीथ हिकलिंग यांनी हाच विचार एआरडीएसला लावला. ५० रुग्णांत कार्बन डायऑक्साइडची सर्वोच्च पातळी सरासरी ६२ पर्यंत गेली. मृत्यूचं प्रमाण १६ टक्के राहिलं. आजाराच्या तीव्रतेवरून जो अंदाज बांधला होता, तो होता जवळपास ४० टक्के. ज्या पातळीला ब्लेगडॅममध्ये धोक्याची घंटा मानलं असतं, ती इथे मुद्दाम सोसली जात होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून टीका झाली, आणि ती रास्तच होती.

निर्णायक उत्तर २००० मध्ये आलं. अमेरिकेतल्या एआरडीएस नेटवर्कच्या चाचणीत ८६१ रुग्ण होते. एका गटाला दर किलोमागे सहा मिलिलिटर, दुसऱ्याला बारा. लहान श्वासाच्या गटात ३१ टक्के मरण पावले, मोठ्या श्वासाच्या गटात ३९.८ टक्के. चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. तिचा गवगवा ‘कार्बन डायऑक्साइड वाढू दिल्याचा विजय’ असा अनेकदा होतो, पण तो तितकासा बरोबर नाही. लहान श्वासाची भरपाई म्हणून श्वासांची गती मिनिटाला ३५ पर्यंत वाढवायची मुभा होती, आणि पहिल्या दिवशी त्या गटातला सरासरी कार्बन डायऑक्साइड होता बरोबर ४०. दुसऱ्या गटात ३५. जिंकला तो श्वासाचा मोजका आकार. वायूचा फायदा-तोटा त्यात तपासलाच गेला नाही.

तो वाद म्हणून अजून चालू आहे. टोरोंटोच्या ब्रायन कॅव्हना आणि जॉन लॅफी यांनी १९९९ मध्ये असं मांडलं, की वाढलेला कार्बन डायऑक्साइड सोसायचा कशाला, तो स्वतःच औषधासारखा काम करत असेल. २००६ मध्ये याच अमेरिकी चाचणीची माहिती पुन्हा चाळली गेली, तेव्हा मोठ्या श्वासाच्या गटात ज्यांच्या रक्तात या वायूमुळे आम्लता होती, त्यांच्यात मृत्यू कमी दिसले. पण २०१७ मध्ये १,८९९ एआरडीएस रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या दोन दिवसांत पातळी ५० किंवा वर गेलेल्यांत मृत्यू जास्त आढळले. या अभ्यासात मात्र एक गोम आहे: ज्याचं फुफ्फुस जास्त बिघडलं, त्याचाच कार्बन डायऑक्साइड जास्त चढतो, मग मारलं कोणी? कार्बन डायऑक्साइड शरीराबाहेरच्या यंत्रातून गाळून काढायचा आणि श्वास आणखी लहान करायचा, हेही करून पाहिलं गेलं. २०२१ मध्ये ब्रिटनच्या रेस्ट चाचणीत ४१२ रुग्णांनंतर काम थांबवावं लागलं. वायू गाळलेल्यांत नव्वद दिवसांपर्यंतचे मृत्यू ४१.५ टक्के, न गाळलेल्यांत ३९.५.

मेंदूचा हिशोब निराळा. कार्बन डायऑक्साइड उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून डोक्याला मार लागलेल्यांना वर्षानुवर्षं जोरजोरात श्वास देऊन सूज उतरवली जाई. १९९१ मध्ये मायझेलार यांनी दाखवलं, की सरसकट पाच दिवस २५ वर ठेवलेल्या रुग्णांत काहींची प्रगती उलट मागे पडते. मग उलट दिशाही तपासली गेली: हृदय बंद पडून पुन्हा चालू झालेल्या १,७०० बेशुद्ध रुग्णांपैकी एका गटात पहिले चोवीस तास पातळी मुद्दाम ५० ते ५५ ठेवली, दुसऱ्यात नेहमीची ३५ ते ४५. २०२३ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मेंदूची अवस्था चांगली असलेले पहिल्या गटात ४३.५ टक्के होते आणि दुसऱ्यात ४४.६.